‘आम्ही जात बघत नाही’: सरकारी मानसिक आरोग्यसेवेतल्या एका वाक्याची तपासणी

(शिरूर इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली वाक्यं शक्य तिथे तशीच ठेवली आहेत.)



कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापलाय ‘मानसिक आरोग्यसेवा आणि सामाजिक समता’. ऐकायला गुळगुळीत आहे, म्हणून मी तो जरा खरखरीत करून घेतो. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या माणसाचं मन बिघडलं, तर त्याला सरकारी उपचार मिळतात का, कोणाच्या हातून मिळतात, आणि तिथपर्यंत तो कुठल्या वाटेने पोचतो, यात जातीचा वाटा किती? एवढाच माझा प्रश्न आहे.

या प्रश्नावर एक ठरलेलं उत्तर मिळतं. ‘आम्ही जात बघत नाही. आमच्याकडे सगळे पेशंट सारखेच.’ डॉक्टर म्हणतात, नर्स म्हणतात, केसपेपर काढणारे कारकूनही म्हणतात. म्हणणारी माणसं बहुतेक वेळा खरंच भली असतात, दिवसाला शंभर-शंभर पेशंट बघून थकलेली असतात. तेव्हा मी त्या माणसांवर टीका करायला उभा नाही. मला त्या वाक्यावर टीका करायची आहे. ते सेवेचं धोरण असल्यासारखं वापरलं जातं आणि त्याच्या आड बरंच काही लपतं.

आधी कायदा बघू. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ ला. त्याचं १८ वं कलम सांगतं की सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि ती देताना भेदभाव करता येणार नाही. कशाकशावरून? लिंग, लैंगिकता, धर्म, संस्कृती, आणि पुढे ‘जात’ हा शब्द स्पष्ट आहे. २१ व्या कलमात तो पुन्हा येतो. ३ ऱ्या कलमात तर असं आहे की माणसाची सामाजिक स्थिती किंवा तो कुठल्या सांस्कृतिक, वांशिक, धार्मिक गटातला आहे यावरून त्याला मनोरुग्ण ठरवायचं नाही. समाजातल्या प्रचलित नीतिनियमांप्रमाणे तो वागत नाही, म्हणूनही ठरवायचं नाही. चांगला कायदा आहे, मी त्याची बाजू घेणाराच माणूस आहे. १८ व्या कलमात पुढे म्हटलंय की दारिद्र्यरेषेखालच्या माणसाकडे कार्ड असो वा नसो, त्याला आणि बेघर, निराधार माणसाला उपचार मोफत मिळायला हवेत. ‘कार्ड असो वा नसो’ हे शब्द ज्यांनी घातले त्यांना आपला देश माहीत होता.

पण भेदभाव करू नका असं सांगणं वेगळं, आणि भेदभाव होतोय का हे कळण्याची सोय करणं वेगळं. पहिलं कायद्यात आहे. दुसरं जवळजवळ नाही. याच कायद्याच्या ७३ व्या आणि ७४ व्या कलमांनी जिल्ह्यांसाठी पुनर्विलोकन मंडळं ठरवली. रुग्णाला दाखल करून घेणं, सोडणं, त्याच्या तक्रारी, सगळं त्यांच्याकडे जातं. त्यात न्यायाधीश आहेत, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी आहे, मनोविकारतज्ज्ञ आहे, एक डॉक्टर आहे, आणि दोन जागा रुग्ण, त्यांची काळजी घेणारे किंवा त्यांच्या संस्था यांच्यासाठी आहेत. रचना वाईट नाही. पण ज्या जातीमुळे भेदभाव होऊ शकतो असं १८ वं कलम मान्य करतं, त्या जातीचा माणूस मंडळावर असावा असं ७४ वं कलम म्हणत नाही.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारं कलम. १०० वं. ते पोलिसांबद्दल आहे. रस्त्यावर कोणी असहाय फिरत असेल आणि तो मनोरुग्ण आहे, स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, असं ठाणे अंमलदाराला वाटलं, तर त्याने त्या माणसाला संरक्षणात घ्यायचं, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, आणि लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. इंग्रजांच्या काळातल्या १९१२ च्या कायद्याशी तुलना केली तर हा फार पुढचा विचार आहे. शहरातल्या एखाद्या हरवलेल्या आजोबांच्या बाबतीत हे कलम उत्तम चालेल.

आता तेच कलम पारधी वस्तीत नेऊन बघा. या दोन्ही तालुक्यांत पारधी कुटुंबं आहेत. गावाबाहेर, गायरानावर, ओढ्याकाठी. तुम्हाला माहीतच आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ च्या सुधारणेनंतर तो मुंबई इलाख्यातही आला, आणि जन्माला आलेलं पोर पाळण्यातच गुन्हेगार ठरलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. मग १९५९ साली आपल्याच राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. कायद्याचं नाव बदललं, पण हवालदाराची वही बदलायला वेळ लागतो. १९९८ साली इथून जवळच, बारामतीत, एका पारधी माणसाचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला. दिलीप डिसूझांनी त्यावर आणि एकूण विमुक्तांवर पुस्तक लिहिलंय. वाचलं नसेल तर जरूर वाचा.

तर ज्या घराला पोलीस म्हणजे रात्री दोन वाजता पडणारी धाड हेच माहीत आहे, त्या घरातला तरुण पोरगा भ्रमात आरडाओरडा करायला लागला, कोणीतरी आपल्याला मारायला येतंय म्हणाला, तर कायद्याने दवाखान्याकडे जायची कुठली वाट त्याला दाखवली? पोलीस ठाण्याची. आई पोराला लपवेल. मीही लपवला असता. आणि समजा पोलीस आलेच, तर तो ‘संरक्षणात’ घेतलेला रुग्ण आहे की संशयित आहे, हे त्या रात्री कोण ठरवणार? कोणीतरी मारायला येतंय हे त्याचं म्हणणं भ्रम किती आणि अनुभव किती, हे दुसऱ्या दिवशी डॉक्टर कसं ठरवणार? हा माझा शब्दांचा खेळ नाही. ज्याच्या वस्तीवर खरोखरच धाडी पडतात, त्याच्या संशयाला लक्षण म्हणायचं की शहाणपण, यावर चूक झाली तर वर्षानुवर्षांच्या गोळ्या मागे लागतात.

हा प्रश्न जगात आणखी एका ठिकाणी फार नीट विचारला गेलाय, म्हणून थोडं बाहेर जाऊ. इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्याच्या कायद्याखाली सक्तीने दाखल होण्याचं काळ्या लोकांचं प्रमाण गोऱ्यांच्या साडेतीन ते चारपट आहे. तिथेही पोलिसांना असाच अधिकार आहे, आणि तिथल्या काळ्या माणसाचंही पोलिसांशी नातं काय हे सांगायला नको. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये नॉरिचच्या एका मनोरुग्णालयात डेव्हिड बेनेट नावाचा जमैकात जन्मलेला रुग्ण मरण पावला. त्या रात्री दुसऱ्या रुग्णाशी भांडण झालं, त्यात त्याच्या रंगावरून शिवीगाळ झाली. त्यानंतर त्यालाच दुसऱ्या वॉर्डात हलवलं, तो चिडला, आणि कर्मचाऱ्यांनी त्याला जमिनीवर पालथा दाबून धरला, बराच वेळ. त्याच्या बहिणीने पाठपुरावा केला, न्यायमूर्ती ब्लोफेल्ड यांच्या समितीने चौकशी केली, आणि सरकारी मानसिक आरोग्यसेवेत संस्थात्मक वंशभेद आहे असं अहवालात सरळ लिहिलं. एखादा वाईट नर्स होता असं नाही लिहिलं. संस्था म्हणून लिहिलं.

त्यानंतर २००५ मध्ये तिथल्या सरकारने पाच वर्षांचा वांशिक समतेचा कार्यक्रम आखला. सोबत मनोरुग्णालयांतल्या रुग्णांची वंशवार गणना सुरू केली, २०१० पर्यंत दरवर्षी. आणि झालं काय? वर्षामागून वर्ष आकडे आले आणि तफावत जवळपास तशीच राहिली. मोजलं, छापलं, परिषदा झाल्या, प्रमाण हललं नाही. आता २०२३ पासून तिथल्या प्रत्येक मानसिक आरोग्य संस्थेला नवी चौकट लागू केली आहे. तिच्यात संस्थेच्या वरिष्ठांना उत्तरदायी धरायचं आणि त्या-त्या समाजातल्या रुग्णांना नि कुटुंबांना निर्णयात बसवायचं, असं आहे. ती किती चालेल ते दिसेल. पण मला त्यातून एक गोष्ट घ्यायची आहे. मोजणं पुरत नाही, हे म्हणायचा अधिकार त्यांना आहे, कारण त्यांनी मोजलं. आपण अजून त्या पायरीवरही नाही.

इथे कोणी म्हणेल, अहो ते वंशाचं, आपल्याकडे कुठे वंश? होता की. रांचीला १९१८ साली मनोरुग्णालय उघडलं ते फक्त युरोपियन आणि अँग्लो-इंडियन रुग्णांसाठी. हिंदी माणसांसाठी वेगळं. आपल्या दौंडला रेल्वेमुळे अँग्लो-इंडियन वस्ती होती, जुन्या लोकांना आठवत असेल. एकाच इंजिनावर राबणारा अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि त्याचा देशी फायरमन, दोघांचंही डोकं फिरलं असतं, तर सरकारच्या तत्त्वाप्रमाणे त्यांचं वेडसुद्धा वेगवेगळ्या इमारतीत ठेवायचं होतं. तेव्हाची वाटणी निदान पाटीवर लिहिलेली होती.

आज पाटी नाही. आज आडनाव आहे. जात विचारत नाही म्हणणारा माणूस आडनाव विचारतोच, केसपेपरवर ते लागतंच. आणि गंमत बघा, पारध्यांची आडनावं काय? काळे, भोसले, पवार, चव्हाण. म्हणजे आडनावाने काम भागत नाही. मग पुढचा प्रश्न येतो, ‘कुठले काळे?’ मग, ‘गावात कुठे राहता?’ ही दोन वाक्यं म्हणजे आपला जातीचा रकानाच आहे, फक्त तो कागदावर छापलेला नाही. एका सरकारी दवाखान्यात, नाव सांगत नाही, मी स्वतः रांगेत उभा असताना ‘वस्तीवर’ एवढं उत्तर ऐकल्यावर खिडकीतल्या माणसाचा आवाज ‘अहो’वरून ‘अगं’वर आलेला ऐकलाय. तिच्या केसपेपरवर यातलं काहीच उमटलं नसणार.

मग केसपेपरवर जातीचा रकाना छापावा का? इथे माझी उडी सोपी नाही, आणि तुमचीही नसावी. येरवड्याला चला. आपल्या नगर रोडने सरळ गेलं की येरवडा. तिथे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, अडीच हजारांच्या आसपास मंजूर खाटा, देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. त्याच भागात येरवड्याचं कारागृह आहे, जिथे २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. देशातल्या कैद्यांची राष्ट्रीय आकडेवारी दरवर्षी छापली जाते, तीत अनुसूचित जाती किती, जमाती किती, ओबीसी किती, राज्यवार असतं. म्हणून तुरुंगांत दलित-आदिवासींचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने जास्त आहे हे आपण ठामपणे म्हणू शकतो. तेच खातं दरवर्षी आत्महत्यांचा अहवाल काढतं. त्यात वय आहे, शिक्षण आहे, धंदा आहे, लग्न झालंय का हे आहे. जात नाही. म्हणजे दलित-आदिवासी माणूस तुरुंगात गेला तर जातीसकट मोजला जातो, जीव देऊन मेला तर जातीशिवाय.

पण दुसरी बाजू ऐका. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांच्या नियमावल्यांत अमुक जातीच्या कैद्यांकडून सफाई, तमुक जातीच्यांकडून स्वयंपाक, अशी वाटणी होती. न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाच काढून टाकायला सांगितला. का? कारण रकाना असला की त्याचा वापर काम वाटायला होतो. हा निकाल विमुक्तांच्या बाजूचा आहे आणि मला तो पटतो. तेव्हा मनोरुग्णाच्या केसपेपरवर ‘पारधी’ असा शब्द आणखी एका खाकी फाइलसारखा चिकटावा, असं मी म्हणणार नाही.

माझं मत असं. व्यक्तीच्या कागदावर जात नको. पण तालुक्याच्या आकड्यात ती हवी, नाव काढून, माणसाने स्वतःहून सांगितली तरच, वेगळ्या फॉर्मवर. आणि जातीचा शब्दही न लिहिता नोंदवता येतील अशा दोन गोष्टी तर उद्यापासून नोंदवता येतात. एक, हा रुग्ण इथे आला कसा? आपण होऊन, नातेवाइकांबरोबर, आशाताईंबरोबर, की पोलिसांच्या गाडीतून? दुसरी, आला कुठल्या वस्तीवरून? गावठाण, मळा, दलितवस्ती, गायरान, लेबर कॅम्प, ऊसतोडीचा तळ. वर्षभर हे दोन रकाने भरा आणि मग सांगा की सगळे पेशंट सारखेच आहेत.

कारण जात दवाखान्याच्या दारात काम करते त्याहून जास्त दाराच्या बाहेर करते. शेतकरी आत्महत्यांचंच घ्या. आत्महत्येनंतर कुटुंबाला सरकारकडून जी एक लाखाची मदत मिळते, तिच्यासाठी जमीन कुटुंबाच्या नावावर लागते, कर्ज थकलेलं लागतं. म्हणजे सातबारा लागतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प आला, आशाताईंनी घरोघर प्रश्नावली भरली. काम चांगलं, आणि पुणे जिल्हा त्यात नाही ही वेगळी गोष्ट. पण दुःखाची सरकारी व्याख्याच जेव्हा सातबाऱ्याच्या उताऱ्यावर उभी राहते, तेव्हा ज्यांच्या आज्या-पणज्यांना जमीन मिळूच दिली नाही, त्यांचं दुःख कुठल्या खात्यात जमा करायचं? शेतमजुराचा मृत्यू ‘घरगुती कारण’ किंवा ‘दारू’ यात जातो. मला शेतकऱ्याच्या मदतीतला एक रुपया कमी करायचा नाही. पण या धोरणाने मानसिक त्रासाचा एक चेहरा ठरवून टाकला आणि तो जमीनवाल्याचा आहे, हे तर म्हणायलाच हवं.

आता ऊसतोडीवाले. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड, नगरकडून टोळ्या येतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. इकडे न्हावऱ्याकडे, तिकडे पाटसकडे, उसाच्या रानांत कोप्या पडतात. त्यांतल्या एखाद्या बाईला गावाकडे सरकारी गोळ्या चालू असतात. तिचा केसपेपर तिकडच्या तालुक्याचा, तिची आशाताई तिकडची. इथल्या आशाताईच्या यादीत ती नाही, कारण ती इथली रहिवासी नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याला येतं. त्या दिवशी खाडा केला तर मुकादमाकडे पैसे कापले जातात. मग गोळ्या सुटतात आणि दुखणं उलटतं. यात कोणी तिला जात विचारली? कोणीच नाही. पण टोळीत कोण असतं, बघा जरा. वंजारी, बंजारा, दलित, भटके-विमुक्त. रांजणगावच्या एमआयडीसीतल्या खोल्यांत राहणारी परराज्यांतली पोरं, दौंडकडच्या गुऱ्हाळांवरची कुटुंबं, हीसुद्धा अशीच यादीबाहेरची.

यावर सरकारी उत्तर म्हणून हल्ली टेली-मानस सांगतात. १४४१६, फोन मोफत, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू. असू द्या, चांगलं आहे, नंबर पाठ करा. फक्त ज्या घरात एकच फोन आहे आणि तो नवऱ्याच्या खिशात आहे, तिथे बाईने कुठल्या कोपऱ्यात जाऊन बोलायचं? आणि पारधी घरात आपसात जी बोली बोलतात ती गुजरातीच्या जवळची. मराठीत ती बाजारहाट करते, पोलिसांना उत्तर देते. रडताना ती मराठीत रडत नाही.

मध्येच एक अभ्यास सांगतो, कारण आपल्याकडे टीका म्हणजे ‘कर्मचारी कमी, औषधं नाहीत’ एवढीच राहते. सुमीत जैन आणि सुश्रुत जाधव यांनी उत्तर प्रदेशात सामुदायिक मानसिक आरोग्य कार्यक्रम जवळून पाहिला आणि २००९ मध्ये लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की धोरणात लोकसहभाग, सुलभ सेवा असे मोठे शब्द असतात, पण गावात पोचेपर्यंत त्या सगळ्याची एक गोळी होऊन जाते. गोळी वाटली की कार्यक्रम झाला. पुढे २०१६ मध्ये जाधव यांनी डेव्हिड मॉस आणि नेड दोस्तालेर यांच्याबरोबर जातीच्या मनावरच्या परिणामांबद्दल लिहिलं. पुण्यातल्या भार्गवी दावर आयुष्यभर हेच वेगळ्या बाजूने सांगत राहिल्या. ‘उपचारांची दरी’ भरून काढायची म्हणजे फक्त मनोविकारतज्ज्ञ वाढवायचे, या कल्पनेलाच त्यांचा विरोध होता. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने सांगितलं की गरज असलेल्या दहांपैकी आठांहून अधिक माणसांना उपचार मिळत नाहीत. त्या सर्वेक्षणात १२ राज्यं होती, महाराष्ट्र नव्हता. आकडा मोठा आहे आणि तो वापरायला सोपा आहे. पण दहांपैकी ते दोघे कोण, ज्यांना उपचार मिळतात? मला त्या दोघांची वस्ती जाणून घ्यायची आहे.

गोळीला माझा विरोध नाही, हे इथेच सांगतो, नाहीतर उद्या कोणीतरी घरी जाऊन आईच्या गोळ्या बंद करायचा. ज्याला लागते त्याला ती लागतेच.

आता संस्थेच्या आत. आपण रुग्णांबद्दलच बोलतो, पण संस्थेत कर्मचारीही असतात. झाडू कोणाच्या हातात असतो, चिडलेल्या रुग्णाला धरायला कोणाला हाक मारतात, आणि खुर्चीवर बसून ‘तुम्हाला काय वाटतं’ असं विचारण्याचं काम कोणाकडे असतं? समुपदेशक म्हणून काम करायला पदव्युत्तर पदवी लागते, मग इंटर्नशिप, तीही बहुधा पुण्या-मुंबईत आणि बिनपगारी. बिनपगारी काम कोणाच्या पोराला परवडतं, हे मी सांगायला नको. आणि जी पोरं शिकून आत पोचतात त्यांचं काय होतं? २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवीने आत्महत्या केली. तडवी भिल्ल समाजातली, जळगावकडची, वैद्यकीय शिक्षण घेत असलेली डॉक्टर. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप आहे, प्रकरण न्यायालयात गेलं. तिच्या आजूबाजूला डॉक्टरच डॉक्टर होते. जी व्यवस्था स्वतःच्या डॉक्टरचं जातीमुळे होणारं दुःख ओळखू शकत नाही, तिच्या बाह्यरुग्ण विभागात गायरानावरच्या बाईचं ओळखलं जाईल, असं मानायला मला आधार दिसत नाही.

शेवटी आपल्या दाराशी. कोरेगाव भीमा आपल्याच तालुक्यात आहे, वढू बुद्रुकही. १ जानेवारी २०१८ ला जे झालं त्यावर मी इथे राजकीय भाषण करणार नाही. खटले झाले, न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांचा चौकशी आयोग बसला, दरवर्षी १ जानेवारीला बंदोबस्त, बसगाड्या, पाण्याचे टँकर, रुग्णवाहिका यांचं मोठं नियोजन होतं. मला फक्त विचारायचंय की त्या दिवशी सणसवाडी-कोरेगावच्या रस्त्यावर जी लहान मुलं होती, दोन्हीकडची, ती आज दहावी-बारावीत असतील. त्यांच्या मनाचं काय झालं, हे कोणत्या सरकारी वहीत शोधू? आपत्तीनंतर मानसिक आधार कसा द्यायचा याची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत. किल्लारीच्या भूकंपानंतर आपण हे थोडंफार शिकलो. भूकंप ही आपत्ती मानली जाते. जातीय हिंसा ‘कायदा व सुव्यवस्था’ मानली जाते, म्हणून ती गृहखात्याकडे जाते आणि आरोग्यखात्याला तिचं पत्रच येत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात पीडितांना पैसे मिळतात, तेही टप्प्याटप्प्याने: एफआयआर झाला की काही, आरोपपत्र गेलं की काही, निकाल लागला की उरलेले. त्या बाईला रात्री झोप कधी लागायला लागली, हा टप्पा त्यात कुठे बसतो?

काय करता येईल, असं तुम्ही विचारणार, आणि ‘संवेदनशीलता प्रशिक्षण’ हे उत्तर मी देणार नाही. एका दिवसाचं प्रशिक्षण, चहा-बिस्कीट, ग्रुप फोटो. पुष्कळ पाहिलीत. मी दोन छोट्या गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे पुनर्विलोकन मंडळावरच्या त्या दोन जागा, रुग्णांच्या आणि काळजी घेणाऱ्यांच्या. त्यांवर पारधी, दलित, भटक्या समाजातली माणसं जाऊ शकतात, कायदा अडवत नाही. ज्या आईने आजारी पोराला पंधरा वर्षं सांभाळलंय, ती या जागेला पात्र आहे. अर्ज कोणीतरी भरायला हवा, तिला सोबत कोणीतरी जायला हवं. हे काम इथे बसलेल्या संघटनांचं आहे.

दुसरी गोष्ट ते १०० वं कलम. शिरूर, शिक्रापूर, रांजणगाव एमआयडीसी, दौंड आणि यवत या पाच पोलीस ठाण्यांत या कलमाखाली वर्षभरात किती जणांना संरक्षणात घेतलं, त्यांना कुठल्या दवाखान्यात नेलं, किती तासांत नेलं, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. नावं मागायची नाहीत. आकडे आणि तास. उत्तर ‘निरंक’ आलं तरी ते आपल्या कामाचं आहे, कारण मग त्या माणसांना ठाण्यांनी कुठे नेलं किंवा नेलंच नाही, हा पुढचा अर्ज. दहा रुपयांचं काम आहे. पाच ठाण्यांचे पाच अर्ज मी लिहून आणलेत, बाहेर चपलांच्या रॅकशेजारच्या टेबलावर आहेत. सही करणारं कोणीतरी या तालुक्यातलं हवंय.

आता प्रश्न घेऊ. मागे त्या ताईंचा हात कधीपासून वर आहे, आधी त्यांना माइक द्या.